देवळालीचा ताप

इंग्लंडात आजोबांनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला आणि लोण्याची डबी पुस्तकांच्या कपाटात, की घरातलं कुणीतरी हसून म्हणतं, झालं, आजोबा 'डूलॅली' झाले! मांजराशी तासन्‌तास राजकारणावर बोलणारी शेजारीण 'जराशी डूलॅली' असते. सामना हरल्याच्या रागात टीव्हीवर चप्पल भिरकावणारा 'पार डूलॅली'. शब्दाला शिवीचा वास नाही. आपल्या 'चक्रम', 'सटक', 'अर्धवट' यांच्या गोतावळ्यात तो सहज खपून जाईल. आवाज तर इतका बाळबोध, की पाळण्याची दोरी ओढता ओढता कुणा इंग्रज आईच्या तोंडून निघाला असावा असं वाटतं.

पण हे मध्य रेल्वेच्या एका स्थानकाचं नाव आहे. कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, अस्वली, लहवित मागे टाकलं की नाशिक रोडच्या आधी येतं ते देवळाली. पुढे इंग्रजांच्या वेडाला ज्या जागेचं नाव मिळालं तिला नाशिककर नुसतं 'कॅम्प' म्हणतात. देवळाली गाव वेगळं, कॅम्प वेगळा. रिक्षावाल्याला 'देवळाली' एवढंच सांगून बसलात तर तो उलट विचारणारच, गाव की कॅम्प?

नावात सरळ देऊळ दिसतं. इंग्रजी कागदोपत्री ते 'देओलाली' असं उतरलं. ळ इंग्रजी जिभेला कधी जमला नाही, त्याचा ल झाला. 'देओ' घाईघाईत 'डू' झालं, आघात मधल्या अक्षरावर गेला आणि देवळालीची डूलॅली झाली. मराठी माणसानं यावर नाक मुरडायचं कारण नाही. आपणही रिक्रूटाचा रंगरूट आणि लॉर्डाचा लाट करून सोडला आहे. उच्चार कसा बिघडला हे तर सरळच आहे. नाशिकच्या हवेशीर माळावरचं एक गाव वेडेपणाचा पर्याय कसं झालं, हे मात्र सरळ नाही.

1857 च्या उठावानंतर कंपनी सरकार गेलं, राणीचं सरकार आलं, आणि नव्या राज्यकर्त्यांनी पहिली खूणगाठ बांधली ती अशी की या देशात गोऱ्या शिपायांची संख्या कमी पडू द्यायची नाही. पुढची कित्येक दशकं साठ-सत्तर हजार गोरे सैनिक कायम हिंदुस्थानात ठेवले गेले. एवढी माणसं ठेवायची म्हणजे दर वर्षी हजारो आणायची आणि हजारो परत न्यायची. मुख्य दार मुंबई. पण मुंबईच्या दमट बंदरात पलटणी उतरवून ठेवणं म्हणजे पटकी आणि हिवतापाला घरचं आवतण देणं. म्हणून घाटाच्या वर, कोरड्या हवेत, रेल्वेच्या रुळांलगत एक मुक्कामाची छावणी हवी होती. 1861 साली देवळालीला ती उभी राहिली.

चार वर्षांनी, 1865 मध्ये, थळ घाटातला रेल्वेमार्ग खुला झाला. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, वाटेत गाडीची तोंडं फिरवायला उलटं स्थानक, आणि मागून ढकलायला जादा इंजिन. आजही कसाऱ्याला गाडी थांबते, मागे इंजिनं जोडली जातात आणि प्रवासी तेवढ्यात वडापाव घेऊन येतात. त्या काळी बोटीवरून उतरलेला, लाल चेहऱ्याचा, विशी-बाविशीचा पोरगा याच घाटानं वर यायचा, छावणीत काही दिवस काढायचा आणि मग रावळपिंडी, मेरठ, महू, जिथे त्याची पलटण असेल तिकडे रवाना व्हायचा. येताना देवळाली त्याला छळत नसे. उलट बोटीवरच्या कोंडवाड्यानंतर तिथली हवा सुखाचीच वाटत असणार. छळ परतीच्या वाटेवर होता.

त्याचं कारण समुद्र आणि कायदा या दोघांच्या जमवाजमवीत आहे. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला. आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिने चालणारा प्रवास आता महिनाभरात होऊ लागला. खास या कामासाठी बांधलेली पाच जहाजं होती: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. पांढऱ्या रंगाची ही जहाजं सैनिकांच्या ओळखीची झाली होती. पण ती वर्षभर धावत नसत. उन्हाळ्यातला तांबडा समुद्र आणि त्यामागून येणारा पावसाळा टाळायचा, म्हणून सैन्याची वाहतूक साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात चाले. त्याला सैनिकांच्या भाषेत 'ट्रूपिंग सीझन' म्हणत.

दुसरीकडे 1870 साली लंडनमध्ये सैन्यभरतीचा कायदा बदलला. युद्धमंत्री एडवर्ड कार्डवेल यांच्या सुधारणांमधला हा एक भाग. पूर्वी शिपाई लांब मुदतीसाठी फौजेत जायचा. आता बारा वर्षांच्या करारातली काहीच वर्षं प्रत्यक्ष चाकरीत काढायची आणि उरलेली राखीव म्हणून घरी. कागदावर शहाणपणाची गोष्ट. पण त्यामुळे हिंदुस्थानात 'मुदत संपलेले' शिपाई दर वर्षी मोठ्या संख्येनं तयार होऊ लागले. किपलिंगच्या 'बॅरॅक-रूम बॅलड्स'मध्ये 'ट्रूपिन' नावाची कविताच या घरी निघालेल्या शिपायांवर आहे.

आता हिशेब करा. एखाद्याची मुदत एप्रिलमध्ये संपली. कराराप्रमाणे तो सुटला. पण हंगामातली शेवटची बोट मार्चमध्येच गेलेली आणि पुढची नोव्हेंबरात. तोपर्यंत जायचं कुठे? देवळालीला.

छावणीतला त्याचा दिवस कसा असेल, याची कल्पना करणं अवघड नाही. बंदूक आणि सामान पलटणीकडे जमा केलेलं. इतकी वर्षं ज्यांच्या शेजारी झोपला ते सोबती पाचशे-हजार मैलांवर राहिलेले. इथे आजूबाजूला दुसऱ्या पलटणींतले अनोळखी चेहरे, तेही त्याच्यासारखेच अधांतरी. पहाटेची कवाईत नाही, पहारा नाही, चढाई नाही. बूट चकचकीत केले काय आणि न केले काय, बघायला कोण आहे? ज्या शिस्तीला तो रोज शिव्या घालायचा तिनंच त्याला उभं धरलं होतं, आणि ती अंगावरून उतरली होती. सकाळचा चहा झाला की संध्याकाळच्या कँटीनची वाट पाहायची, एवढंच काम. खिशात थोडे साठवलेले पैसे. समोर त्र्यंबकच्या बाजूचे डोंगर. मे संपेपर्यंत ऊन, मग चार महिने टिपटिप. नाशिककडचा पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, तो रेंगाळतो, आणि रेंगाळणाऱ्या माणसाला त्याहून वाईट सोबत नाही.

फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायानं याबद्दल लिहून ठेवलं आहे. वेल्समधल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातला हा माणूस 1901 मध्ये रॉयल वेल्श फ्युझिलिअर्समध्ये भरती झाला आणि हिंदुस्थान-ब्रह्मदेशात चाकरी करून 1909 च्या सुमारास सुटला. पुढे पहिलं महायुद्ध तो साधा शिपाई म्हणून लढला आणि जिवंत राहिला. त्याची दोन पुस्तकं आहेत. युद्धाबद्दलचं 1933 मध्ये आलं आणि हिंदुस्थानातल्या दिवसांबद्दलचं 'ओल्ड सोल्जर साहिब' 1936 मध्ये. त्याच पलटणीत अधिकारी असलेले कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांनी लिखाणाला हात दिला. रिचर्ड्स सांगतो की ज्यांची सगळ्या नोकरीतली गुन्ह्यांची पाटी कोरी होती, असली माणसं देवळालीला आल्यावर काहीतरी करून बसत आणि बोटीऐवजी लष्करी तुरुंगात जात. कुणी गुप्तरोग घेऊन इस्पितळात पडे. विचित्र वागणाऱ्या माणसाबद्दल 'याला डूलॅली टॅप झालाय' म्हणायची पद्धत पडली ती त्या छावणीतल्या कंटाळ्यातूनच असावी, असा त्याचा अंदाज.

मला या साक्षीचं मोल मोठं वाटतं. कारण या शब्दाची जी गोष्ट सहसा सांगितली जाते ती वेगळी आहे. देवळालीला गोऱ्यांचं वेड्यांचं इस्पितळ होतं, म्हणून देवळाली म्हणजे वेड, झालं संपलं. गोष्ट सुटसुटीत आहे, सांगायला सोपी आहे, आणि त्यामुळेच संशय घ्यावा अशी आहे. लष्करी इस्पितळ तिथे होतं. पण मनोरुग्ण ठरलेल्या सैनिकांना सरकार शक्यतो मायदेशी धाडत असे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नेट्ली इथल्या अवाढव्य लष्करी रुग्णालयात 'डी ब्लॉक' नावाची इमारत 1870 पासून खास अशा सैनिकांसाठी होती. म्हणजे हे रुग्णही बोटीचीच वाट बघत मुंबईच्या वाटेवर थांबत, आणि इतर शिपायांच्या नजरेस पडत. शब्दाला त्यांचाही थोडा हातभार लागला असेल. तरी छावणीच्या वाटेनं गेलेला साधा शिपाई बोट दाखवतो ते वेड्यांच्या इस्पितळाकडे नाही. त्याचं बोट आहे चांगल्या, धडधाकट, घरी निघालेल्या माणसांकडे. तिथे माणूस वेडा होऊन येत नसे, तिथे येऊन होत असे. आणि त्याला वेडं करणारी गोष्ट म्हणजे उन्हाळा नव्हे, युद्ध नव्हे, सुटका झाल्यावरही न सुटणं.

आता त्या 'टॅप'कडे येऊ. मूळ शब्दप्रयोग जोडगोळीचा होता, 'डूलॅली टॅप'. इंग्रजीत टॅप म्हणजे टकटक, हलकी थाप. त्यामुळे डोक्यावर थाप बसलेला माणूस, असा अर्थ इंग्रजांनी पुढे आपल्याआपणच लावून घेतला. मराठी वाचकाला मात्र शब्दकोश उघडायची गरज नाही. टॅप म्हणजे ताप. छावणीच्या हिंदुस्थानीत फारसीकडून आलेला 'तप' होता, क्षयाला 'तपेदिक' म्हणतात त्यातला. आणि आपला संस्कृतातला ताप तर घरोघरी. फारसीतला आणि संस्कृतातला, दोन्ही एकाच जुन्या मुळाचे, अर्थ एकच: तापणं. गोऱ्या शिपायाच्या कानावर हा शब्द भिस्त्याकडून आला, धोब्याकडून आला, की हजामत करणाऱ्या न्हाव्याकडून, यानं फरक पडत नाही. तो देवळालीचा ताप म्हणत होता.

आणि इथे मराठी त्या शिपायाच्या मनातलं इंग्रजीपेक्षा नेमकं बोलते. आपल्याकडे ताप थर्मामीटरवर चढतो आणि डोक्यालाही होतो. सरकारी कचेरीत तिसऱ्यांदा 'उद्या या' ऐकून परतणारा माणूस ज्याला डोक्याला ताप म्हणतो, तेच दुखणं देवळालीच्या बराकीत सात महिने मुक्कामाला असायचं. त्या काळच्या गोऱ्या डॉक्टरांची समजूत अशी की उष्ण देशाचा सूर्य युरोपियनाच्या कवटीतून थेट मेंदूवर मारा करतो. म्हणून तर शोल्याच्या हॅटशिवाय बाहेर पडणं गुन्हा मानला जाई. या समजुतीला 'ताप' हा शब्द चपखल बसला. सगळा दोष हवेवर ढकलता आला की जहाजांच्या वेळापत्रकाकडे कुणी बघत नाही.

विशेष म्हणजे वेडासाठी शिपायांपाशी शब्दांची टंचाई नव्हती. 'पागल' त्यांनी कधीच उचलला होता. 1886 साली आलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात त्याची इंग्रजी रूपं नोंदलेली आहेत. त्या कोशाचं नावसुद्धा मोहरमच्या मिरवणुकीतल्या 'या हसन, या हुसेन'चा गोऱ्या शिपायांनी केलेला चुराडा आहे. त्याच कोशात गोंधळ-गलका या अर्थाचा 'बॉबरी' आहे, आणि त्याचं मूळ 'बाप रे!' असं दिलं आहे. बाप रे म्हणण्याची आपली सवय इंग्रजी कोशात नाम होऊन बसली आहे, हे वाचून मी स्वतः 'बाप रे' म्हणालो.

बराकीतली ही शब्दांची लूट (लूट हाही त्यांनी नेलेलाच) फार मोठी होती. देखोचं 'डेको' झालं, बक्षीसचं 'बक्शी' म्हणजे फुकटचं. खुशीवरून आलेला 'कुशी' आज इंग्रजीत आरामाच्या नोकरीला लावतात. या सगळ्यांत मोठी कारकीर्द विलायतीची. अरबीतला विलायत म्हणजे सुभा, प्रांत. आपल्याकडे तो साहेबाचा देश झाला. गोऱ्या शिपायाला आपल्या घराचं हे नाव इथल्या माणसांच्या तोंडून ऐकावं लागलं, आणि त्यानं ते 'ब्लायटी' असं स्वीकारलं. पहिल्या महायुद्धात तर जीव जाणार नाही पण घरी पाठवावं लागेल, अशी जखम म्हणजे 'ब्लायटी' होऊन बसली. शिपाई अशा जखमेसाठी देवाला साकडं घालत. ब्लायटी आणि डूलॅली हे एकाच प्रवासाचे शब्द आहेत. एक जिथे पोचायचं त्याचा, दुसरा जिथे अडकून पडलो त्याचा.

गावांची नावंही गेली. कालिकतचं कॅलिको आणि काश्मीरचं कॅशमिअर सगळ्यांना ठाऊक असतं. पण मुंबईच्या डोंगरीचं जाडंभरडं कापड 'डंगरी' म्हणून खलाशांच्या अंगावर चढलं आणि आज जगभरच्या लहान मुलांच्या पट्ट्यांच्या विजारी 'डंगरीज' म्हणून ओळखल्या जातात, हे डोंगरीतल्या किती जणांना माहीत असेल? महाराष्ट्रानं इंग्रजीला दिलेली ही दोन गावं. एका गावाला निदान कापड विणल्याचं श्रेय मिळालं.

डूलॅली टॅप बराच काळ फौजेच्या कुंपणातच राहिला. जुन्या, मुरलेल्या शिपायांची ही खाजगी मालमत्ता होती, आणि ती माणसं घरी गेल्यावर कारखान्यात, खाणीत, दारूच्या गुत्त्यात विरून जात. त्याला बाहेर काढलं 1914 च्या युद्धानं. आता फौजेत लाखो साधी माणसं आली: कारकून, शाळामास्तर, दुकानदारांची मुलं. त्यांना बराकीची भाषा शिकवायला हे जुने हिंदुस्थान-रिटर्न हवालदार होते. मेसोपोटेमियाच्या मोहिमेतले जखमी आणि तापकरी बोटीबोटीनं मुंबईला आले, त्यांच्यासाठी देवळालीला मोठी इस्पितळं उघडली गेली, आणि गाव पुन्हा ओठांवर आलं. युद्ध संपल्यावर कोशकार कामाला लागले. 1925 मध्ये फ्रेझर आणि गिबन्स यांनी सैनिक-खलाशांच्या शब्दांचा जो संग्रह काढला त्यात हा शब्द जुन्या फौजेतला म्हणून, देओलाली आणि डूलॅली अशा दोन्ही रूपांत, नोंदला गेला. छापील पानावर तो आला तेव्हा निदान साठ वर्षांची छावणी त्याच्या पाठीशी होती.

पुढे टॅप गळून पडला. ज्यांना ताप म्हणजे काय हे माहीत होतं ती पिढी सरली, आणि नव्या बोलणाऱ्यांना ते शेपूट निरर्थक वाटलं. डूलॅली एकटं राहिलं, पण त्याच्या आवाजातच वेडगळपणा असल्यानं त्याला कुणाच्या टेकूची गरज उरली नाही.

दुसऱ्या महायुद्धात छावणी पुन्हा भरली, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा तेच, बोटी कमी आणि घरी जायला आतुर माणसं फार. या वेळी मात्र माणसांनी वेडं व्हायचं नाकारलं. जानेवारी 1946 मध्ये कराचीच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाई दलाच्या जवानांनी काम बंद केलं. घरी पाठवायला चाललेली दिरंगाई ही मुख्य तक्रार. संप बघता बघता हिंदुस्थान आणि आग्नेय आशियातल्या डझनावारी तळांवर पसरला. पुढच्याच महिन्यात मुंबईत भारतीय नौसैनिकांचं बंड झालं. ते आपल्याला शाळेत शिकवलं जातं, त्याच्या आधीचं हे गोऱ्यांचं बंड सहसा कुणी सांगत नाही. फेब्रुवारी 1948 मध्ये सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची तुकडी गेटवे ऑफ इंडियातून बाहेर पडली, आणि बोटीची वाट बघणारा गोरा शिपाई हा प्रकारच संपला.

त्याच धामधुमीत जिमी पेरी नावाचा तोफखान्यातला एक तरुण देवळालीला सैनिकांच्या करमणुकीच्या ताफ्यात होता. नाटुकली, गाणी, बायकांचे कपडे घालून नाच, असला मामला. पुढे डेव्हिड क्रॉफ्ट यांच्या जोडीनं त्यानं बीबीसीसाठी 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका लिहिली. 1974 ते 1981 अशी ती चालली, आणि सुरुवातीच्या भागांतली छावणी देवळालीचीच. चित्रण सगळं इंग्लंडात. मालिका प्रचंड गाजली, आणि आज तिची आठवण काढताना इंग्रज जरा अवघडतात, कारण त्यातल्या रंगी राम या हिंदी नोकराची भूमिका मायकेल बेट्स या गोऱ्या नटानं तोंडाला रंग फासून केली होती. बेट्सचा जन्म झाशीचा, तो हिंदुस्थानीत बडबडू शकायचा, पण म्हणून रंग फासणं कमी खटकतं असं नाही. मजा ही की लाखो प्रेक्षकांनी आठवड्याच्या आठवड्याला देवळाली हे नाव पडद्यावर ऐकलं आणि तरीही 'डूलॅली' बोलणाऱ्या बहुतेकांना ते हेच गाव आहे हे कळलं नाही. आता तर प्रिंटर डूलॅली होतो, वाट दाखवणारं यंत्र डूलॅली होतं. जो शब्द घरापासून तुटलेल्या माणसांनी घडवला, तो स्वतःच्या घरापासून पुरता तुटला.

गावाला वेडाशी जोडण्यात आपण मराठी माणसं मागे आहोत असं समजू नये. 'याला ठाण्याला पाठवा' म्हटलं की ऐकणारा हसतो. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 चं आहे. पुण्यात हेच काम येरवडा करतं. तिथे तुरुंगही असल्यानं कुठे पाठवायचं ते संदर्भावरून ओळखायचं. उत्तरेत आग्रा आणि रांची आहेत. खुद्द इंग्रजांचा 'बेडलॅम', म्हणजे गदारोळ, हे लंडनच्या बेथलेम नावाच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळाचं बोलीतलं रूप आहे. पण या सगळ्या गावांत खरोखरच तशी इस्पितळं नावारूपाला आली होती. देवळालीवर आळ आला तो मुख्यतः बोटी उशिरा सुटायच्या म्हणून. आणि देवाणघेवाण म्हणाल तर फिट्टंफाट झाली आहे. त्यांनी आपलं गाव नेलं, आपण त्यांचे 'क्रॅक', 'मेंटल' आणि 'सायको' आणले. 'तो जरा मेंटलच आहे' हे वाक्य आज मराठीच आहे.

या आळामागचा विनोद कळायला देवळालीला जाऊन यावं. ज्या हवेनं माणसं वेडी होतात असं साहेब सांगत होता, त्याच हवेसाठी मुंबईचे पारशी आणि गुजराती कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन तिथे जात. कॅम्पात फिरताना आजही वेगवेगळ्या समाजांच्या विश्वस्त निधींनी चालवलेली सॅनिटोरियमं दिसतात, उंच छताचे, खोल व्हरांड्यांचे बंगले दिसतात. छातीच्या विकारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर सांगायचे, देवळालीला जाऊन राहा, कोरडी हवा आहे. 1925 मध्ये बार्न्स स्कूल तिथे सुरू झालं. मुलं हुंदडायला मोकळा माळ हवा म्हणूनच ना? दिलीपकुमार लहानपणी त्याच शाळेत होते. खंडोबाच्या टेकडीवर, साहेबाच्या भाषेत 'टेम्पल हिल'वर, संध्याकाळी उभं राहिलं की बिघडलेली तब्येतही सुधारावी असा वारा सुटतो. कॅम्पाला चिकटून भगूर. तिथे 1883 च्या मे महिन्यात, म्हणजे छावणीत बोटीविना अडकलेल्यांचा मोसम नुकता सुरू होत असताना, विनायक दामोदर सावरकर जन्मले. साहेबाला घरी पाठवायची घाई साहेबाच्या शिपायांइतकीच शेजारच्या गावालाही होती म्हणायची.

छावणी आता भारतीय तोफखान्याची आहे. तोफखान्याचं विद्यालय 1923 मध्ये सरहद्दीकडच्या काकूलला सुरू झालं आणि 1941 मध्ये देवळालीला आलं, ते तिथेच आहे.

2009 मध्ये पुण्यात ताजी बिअर गाळून देणारं एक ठिकाण सुरू झालं. देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी ते एक. मालकांनी त्याला नाव दिलं 'डूलॅली', इंग्रजी स्पेलिंगसकट. पुढे मुंबईतही त्याच्या शाखा निघाल्या. गोरा शिपाई कँटीनच्या बिअरवर दिवस ढकलता ढकलता ज्या गावाच्या नावानं बोटं मोडत होता, ते नाव दीडशे वर्षांनी परत येऊन पुन्हा बिअरच्याच ग्लासावर बसलं. तिथल्या टेबलावर चौघांत एखादा नाशिककर असला, की नावाचा उलगडा बाकीच्या तिघांना फुकटात होतो. आणि तो सांगताना जरा भाव खातो, तेवढा हक्क त्याला आहेच.